डॅशनच्या पिल्लासाठी कौल

आमच्या घरातला कुठलाही मोठा निर्णय घरात झालेला नाही. तो गावी, देवळात झाला आणि आम्हाला चेंबूरला कळवण्यात आला. मी कॉमर्सला जावं की आयटीआय करावं, हे देवानं ठरवलं. फ्लॅट तळमजल्यावरचा घ्यावा की तिसऱ्या मजल्यावरचा, हेही त्यानंच ठरवलं. माझ्या बायकोचं स्थळ आलं तेव्हा पत्रिका काही जुळत नव्हत्या, पण देवानं उजवा कौल दिला आणि विषय संपला. बायको अजून ऐकवते, तुम्ही मला पसंत केलंच नाहीत, वरून ऑर्डर आली म्हणून लग्न केलंत. खरं म्हणजे मला ती पहिल्याच दिवशी आवडली होती आणि देव डावा देतो की काय या काळजीनं मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

ज्यांना कौल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावचा गुरव देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला पाण्यानं भिजवलेल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. मग सगळे श्वास रोखून बघत बसतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर उजवा कौल, म्हणजे हो. डावी पडली तर नाही. एवढं साधं. बाबा सोळाव्या वर्षी मुंबईला गिरणीत आले तेही उजव्या पाकळीवर, आणि गिरणी बंद पडल्यावर गावी न जाता इथंच दुसरी नोकरी शोधत राहिले ते डाव्या पाकळीवर. देवानं सांगितलं आणि बाबांनी ऐकलं नाही असं कधी झालं नव्हतं.

आई आजारी पडली तेव्हाही कौल लावला होता. उजवा आला. आई घरी आली नाही. बाबा त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, देवालाही नाही आणि आम्हालाही नाही. फक्त त्यानंतर त्यांनी काही विचारणं बंद केलं. आणि दर आठ-दहा दिवसांनी जेवताना सांगायला सुरुवात केली, "मी आता गावाक जातंय. थयच रवतंय."

बाबांचं वय सत्त्याहत्तर. गावचं घर माझ्या चुलत भावाच्या ताब्यात, तो आणि वहिनी चांगले आहेत, प्रश्न त्यांचा नव्हता. प्रश्न असा होता की मला बाबा कायमचे गावी जायला नको होते. इथं त्यांचा दिवस कसा जातो ते मला दिसत होतं. मी सकाळी घाटकोपरला दुकानात, बायको तिच्या ऑफिसात, आणि बाबा दिवसभर खिडकीशी. त्यामुळे "राहा" म्हणायला तोंड उघडेना. कशासाठी राहा? बंद घराची राखण करायला? मी आपला "बघू, होळी झाल्यावर बघू" असं म्हणून विषय ढकलायचो. एकदा तर संध्याकाळी आलो तर बॅग भरून दाराशी ठेवलेली. उद्या निघतंय म्हणाले. दुसऱ्या दिवशी मला ताप आला, खरा की खोटा ते विचारू नका, आणि ते थांबले.

कुत्रा आणायची कल्पना बायकोची. माझं दुकान रबरी शिक्क्यांचं आहे. देवनारच्या एक निवृत्त शिक्षिका शिक्का करून घ्यायला आल्या आणि बोलता बोलता म्हणाल्या की त्यांच्या डॅशनला चार पिल्लं झालीत, दोन गेली, दोन राहिलीत, पैसे नकोत, माणसं चांगली हवीत. खरा शब्द काय आहे देव जाणे, पण चेंबूरपासून देवनारपर्यंत त्या आखूड पायांच्या, लांबलचक कुत्र्याला सगळे डॅशनच म्हणतात. मी घरी येऊन गंमत म्हणून सांगितलं. बायको हातातलं लाटणं तसंच धरून म्हणाली, "आणूया. बाबांना." 

बाबांना पिल्लू आणू का विचारलं तर म्हणाले, "हाडायचो तर हाडा. माझो काय संबंध?" नाही म्हणाले नाहीत, हे आम्ही दोघांनी लक्षात ठेवलं.

रविवारी आम्ही दोघं बघायला गेलो. राहिलेली दोन पिल्लं म्हणजे भाऊ आणि बहीण. रंग एकच, तपकिरी, कान तसेच, शेपट्या तशाच. भाऊ धावत आला आणि माझ्या चपलेचा अंगठा तोंडात धरून मागं ओढायला लागला. बहीण पडद्यामागं बसून होती. थोड्या वेळानं नाक बाहेर आलं, मग डोळे, मग ती हळूच येऊन बायकोची पर्स हुंगून परत पडद्यामागं गेली. मला भाऊ आवडला. बायकोला अर्थातच बहीण.

मग आठवडाभर जे घरात चाललं ते विचारू नका. मी म्हणायचो, नर बरा, मादीला वर्षातून दोनदा ते दिवस येणार, सोसायटीतली सगळी कुत्री गेटवर जमणार, कोण निस्तरणार? ती म्हणायची, नर पाय वर करून सोफ्यापासून फ्रिजपर्यंत सगळ्यावर सही करणार, ते कोण निस्तरणार? खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले नरच घ्या, तो घर राखतो. समोरच्या वहिनी म्हणाल्या मादी घ्या, ती माणूस राखते. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले दोघांत तसा काही फरक नाही हो, ऑपरेशन करून टाका आणि सुखी राहा. ज्या माणसानं आपल्याला पाहिजे ते सांगितलं नाही त्याचा सल्ला कोण घेतो! आम्ही भांडत राहिलो. शिक्षिकाबाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "एका आईची आहेत. मांडीवर घेऊन बघा, कळेल." आम्ही दोघं इतके शहाणे की कोणीच मांडीवर घेऊन बघितलं नव्हतं.

सातव्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "कित्याक भांडतास? देवाक इचारूया."

बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आई गेल्यापासून पहिल्यांदा बाबांना देवाला काही विचारावंसं वाटलं होतं. त्या क्षणी देवानं मांजर आणायला सांगितलं असतं तरी मी आणलं असतं.

बाबांनी गुरवाला फोन लावला. नर हवा असेल तर उजवा दे, मादी हवी असेल तर डावा, असं ठरलं. देवळात रेंज नसते, म्हणून चुलत भावानं व्हिडिओ काढून नंतर पाठवायचा. सोमवारी दुपारी व्हिडिओ आला आणि आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी फोनवर डोकी एकत्र करून बसलो. बायकोनं त्यासाठी हाफ डे घेतला होता. एका कोपऱ्यात चुलत भावाचा निम्मा चेहरा, मागं देव, आणि गुरवाचा खणखणीत आवाज: "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या मुंबैच्या घरात कुत्र्याचा पिल्लू येवचा हा म्हाराजा!" मागून दोन-चार आवाज: "व्हय म्हाराजा!" इतक्या गंभीरपणे कुत्र्याचं गाऱ्हाणं घातलेलं ऐकून बायकोनं पदर तोंडात कोंबला. बाबांनी मात्र हात जोडलेले. बराच वेळ काही हललं नाही. मग डावीकडची पाकळी सुटली, चुलत भाऊ ओरडला "पडली, पडली!" आणि व्हिडिओ संपला.

मादी. बायकोनं काही बोलायची गरजच नव्हती, तिच्या तोंडावर सगळं होतं. मी म्हटलं, देवही आता बायकांच्या बाजूनं. बाबा म्हणाले, "चला, उजेड हा तवसर घेवन येवया." आणि उठून स्वतः चप्पल घातली. गेल्या कित्येक महिन्यांत ते आपणहून घराबाहेर निघाले नव्हते.

देवनारला ती पुन्हा पडद्यामागंच होती. बाबा जमिनीवर बसायला गेले, गुडघ्यानं नकार दिला, म्हणून खुर्चीवर बसले आणि नुसती बोटं खाली सोडून ठेवली. बोलावलं नाही, चुचकारलं नाही. आम्ही शिक्षिकाबाईंचा चहा घेतला तेवढ्यात ती त्यांच्या पायाशी येऊन बसलेली. परतताना रिक्षात ती बाबांच्या मांडीवर झोपली. स्पीडब्रेकर आला की बाबा रिक्षावाल्याला "हळू, हळू" म्हणायचे. घरी पोचल्यावरही ते दहा मिनिटं खाली रिक्षातच बसून राहिले आणि रिक्षावाला बिचारा मीटर बंद करून थांबला.

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात एक वेगळाच माणूस वावरत होता. बाबा सकाळी सहाला तिला घेऊन खाली जायचे. ज्या खालच्या काकांशी सोसायटीच्या मीटिंगवरून वर्षभर अबोला होता, त्यांच्याशी तिच्या शीच्या रंगावर अर्धा अर्धा तास चर्चा. ती दिवसा त्यांच्या चादरीखाली शिरून पायाशी झोपायची, मग बाबाही दुपारचे झोपायला लागले. उकडलेल्या बांगड्याचे काटे ते चष्मा लावून, बोटांनी चाचपून काढायचे. माझ्या लहानपणी माझ्यासाठी आई असे काटे काढायची, बाबांना मी कधी बघितलं नव्हतं. तिला ते नावानं हाक मारायचेच नाहीत, "बाय" म्हणायचे. "बाय, हय ये. बाय, ता सोड. बाय, मेले, बापाचा चप्पल खातस?" आणि गावाला जायचा विषय एकदाही निघाला नाही. मी रोज दुकानातून येताना जिन्यातच कान देऊन ऐकायचो की बाबा तिच्याशी बोलतायत ना. बोलत असायचे. मग मी बेल मारायचो.

आणि मग बायकोनं तिच्या बहिणीला दाखवायला तो कौलाचा व्हिडिओ पुन्हा काढला. मी बाथरूममधून येत होतो. ती म्हणाली, "अहो, इकडे या. ही पाटी बघा."

देवाच्या मागं भिंतीवर नव्यानं रंगवलेली पाटी आहे, "चपला बाहेर काढाव्यात". मी म्हटलं, "बघितली की. पहिल्या दिवशीच वाचली. अक्षर चांगलं आहे."

"वाचलीत? अहो, ती उलटी आहे!"

खरंच उलटी होती. आरशात दिसते तशी. चुलत भावानं स्वतः दिसावं म्हणून पुढच्या कॅमेऱ्यानं व्हिडिओ काढलेला, आणि त्याच्या फोनमध्ये तो तसाच उलटा साठतो. आणि तिघांमध्ये ज्याला हे पहिल्या सेकंदाला कळायला हवं होतं तो मी. कॉमर्सला दोनदा नापास होऊन, यात देवाचा दोष नाही, मी एका शिक्केवाल्याकडे कामाला लागलो. तेव्हा शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, एकेक जुळवून मजकूर करायचा असायचा, आणि खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. तेव्हापासून आजपर्यंत मी उलटी अक्षरं सुलट्याइतकीच वाचतो. उलटं दिसलं तर मला काही खटकतच नाही. या एका गुणावर मी पोट भरलं आणि याच गुणानं वाट लावली.

पाटी उलटी, म्हणजे पाकळीही उलटी. पडली ती उजवीकडची होती. देवानं नर सांगितला होता.

"गप्प बसा," बायको म्हणाली. "एक शब्द बोलायचा नाही."

मला तेच करायचं होतं. पण गप्प बसायचं म्हणजे काय हे मला पुढच्या चार दिवसांत कळलं. बाबांना सांगितलं तर ते काय करणार यात शंका नव्हती. देवानं नर सांगितला तर नर. बायला उचलून देवनारला नेणार, भावाला घेऊन येणार, आणि मग खिडकीशी बसून राहणार. किंवा झालं एवढं पुरे म्हणून गावाची बॅग. आणि न सांगावं तर ज्या माणसानं सोळाव्या वर्षापासून देवाचा शब्द मोडला नाही, त्याच्याकडून मी तो रोज सकाळ-संध्याकाळ मोडवून घेत होतो. ते जेवायला बसले की मी ताटात बघायचो. दुकानात एका डॉक्टरांच्या शिक्क्यातली पदवीच गाळली. गंमत म्हणजे मला सुरुवातीपासून नर हवा होता. आता देव माझ्या बाजूनं निघाला तर मला देवाचाच राग येत होता.

शुक्रवारी शिक्षिकाबाईंचा फोन आला. भावाला बघायला रविवारी सकाळी मुलुंडचं एक कुटुंब येतंय, म्हणजे तो आता जाईल, तुम्हाला कळवावंसं वाटलं. मी आभार मानले आणि रात्रभर कूस बदलत राहिलो. अदलाबदल करायची असेल तर एकच दिवस हातात होता. तो दिवस मी गपचूप जाऊ दिला असता तर प्रश्न आपोआप मिटला असता. बायकोनंही हेच सांगितलं. पण मग तो दिवस मी बाबांपासून चोरलेला असता. आई गेली तेव्हा मी देवावर चिडलो होतो, बाबा नव्हते चिडले. त्यांचा विश्वास त्यांचा होता. माझ्या सोयीनं तो वळवायचा मला काय हक्क?

शनिवारी चारच्या सुमारास ते खाली कंपाउंडमधल्या बाकावर बसले होते. बाय त्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवून पडलेली. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. कॅमेरा, पाटी, उलटी अक्षरं, उजवी पाकळी. भाऊ उद्या सकाळपर्यंत आहे, हेही सांगितलं. सांगताना मी तिच्याकडे बघितलं नाही.

"माका म्हायत आसा," बाबा म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"नर सांगल्यान तां. गुरवाचो फोन इलो होतो त्याच सांजे. रिक्षेत."

रिक्षात फोन आल्याचं मला आठवतही नव्हतं. "मग मला का नाही सांगितलंत?"

"तुका कित्याक सांगू? तुका नरच होयो होतो. रिक्षा फिरवलं असतस."

"पण देवानं सांगितलं होतं ना?"

बाबांनी खाली वाकून तिच्या कानात अडकलेलं गवत काढलं. "ती मांडयेर निजली होती," ते म्हणाले. "मी तिका उठवू कसो?"

मला हसू यायला लागलं. चार दिवस मी ज्या गोष्टीखाली चेपलो जात होतो, ती हा माणूस तीन आठवडे खिशात घालून फिरत होता, बांगड्याचे काटे काढत होता आणि वर दुपारची झोप काढत होता. मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही देवाचं ऐकलं नाहीत."

"दोन गोष्टी इचारल्यो होत्यो," बाबा म्हणाले. "एकाचोच व्हिडिओ काढल्यान. दुसऱ्याचो काढू नको म्हणान मियाच सांगलंय."

"दुसरी कुठली?"

ते गेटकडे बघत होते. "गावाक येवन रवू काय म्हणान."

माझं हसू गेलं. पुढचं विचारायचा धीर होत नव्हता, पण न विचारून राहवतही नव्हतं. "काय दिला?"

"उजवो."

उजवा म्हणजे हो. ये. देवानं बाबांना तीन आठवड्यांपूर्वीच घरी बोलावलं होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? हयच बसलंय मा?"

भर दिवसा, कंपाउंडमध्ये, समोर मुलं क्रिकेट खेळत असताना माझे डोळे भरून आले. इतके महिने जे म्हणायला जमलं नव्हतं ते मी तेव्हा म्हणालो. "बाबा, जाऊ नका. मला तुम्ही इथं हवे आहात." त्यांना कळलं असावं, कारण ते एकदम ओरडले, "रडतस कित्याक रे मेल्या? वॉचमन बघता!" बाय दचकून उठली आणि दोघांकडे आळीपाळीनं बघायला लागली.

मग बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तिला घेऊन बिल्डिंगला फेरी मारायला निघाले, तिच्या आखूड पायांना जमेल तितकं सावकाश. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी देवाला नाही म्हटलं होतं, तेही एका दिवसात दोनदा. पहिलं नाही तिच्यासाठी होतं हे मला त्यांनी सांगितलं. दुसरं कुणासाठी होतं, ते मी विचारलं नाही.